टेरी प्रॅचेटचं ‘गोइंग पोस्टल’: ठगाला पोस्टमास्तर केलं तर?

बर्डीचा_वाचक | शनिवार, रात्री १०:१२

इंग्रजी लेखक टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी-अद्भुत मालिकेत एक्केचाळीस कादंबऱ्या आहेत. ‘गोइंग पोस्टल’ (२००४) ही तेहतिसावी आणि मी वाचलेली पहिली. आधीच्या बत्तीस वाचल्या नसल्या तरी काही अडत नाही. हे आधीच सांगतो, कारण आकडा ऐकून लोक दुकानातूनच परत फिरतात.

गोष्ट थोडक्यात. मॉइस्ट व्हॉन लिपविग हा अट्टल ठग. खोटे रोखे, खोट्या अंगठ्या, खोटी नावं. पकडला जातो, फाशी होते. होते म्हणजे खरंच होते, पण जल्लाद इतका कसबी की जीव जायच्या किंचित आधी थांबतो. शुद्धीवर येतो तर समोर शहराचा सर्वेसर्वा लॉर्ड व्हेटिनारी बसलेला. तो म्हणतो, बंद पडलेलं टपाल खातं चालवून दाखव, नाहीतर त्या दाराने खुशाल निघून जा. दारापलीकडे जमीनच नाही, नुसता खड्डा.

टपाल कचेरीत वर्षानुवर्षं न वाटलेली पत्रं छतापर्यंत साचलेली. माणसं उरलीत दोन. एक म्हातारा ग्रोट, जो अजून ‘ज्युनियर पोस्टमन’च आहे, कारण बढती द्यायला वर कोणी शिल्लकच नाही. दुसरा स्टॅनली, त्याला टाचण्या जमवायचा छंद. (तिकिटं अजून निघालेलीच नाहीत, मग पोरगा जमवणार काय?) मॉइस्टवर पहारा मिस्टर पंप नावाच्या गोलेमचा, म्हणजे मातीच्या चालत्या-बोलत्या पुतळ्याचा, जो झोपत नाही, थकत नाही. आणि स्पर्धेला ‘क्लॅक्स’, म्हणजे दूरदूरपर्यंत उभारलेल्या मनोऱ्यांवरून झडपा-दिव्यांनी निरोप पाठवणारी कंपनी. ती रीचर गिल्ट नावाच्या माणसाने मूळ मालकांना लुबाडून घशात घातली आहे. गिल्टच्या खांद्यावर पोपट. पोपट ओरडतो, “साडेबारा टक्के!”

हसून हसून पुरेवाट झाली, पण संपल्यावर एक गोष्ट खुपत राहिली. मॉइस्ट ठग आणि गिल्टही ठग. एक जिंकावा असं वाटतं, दुसऱ्याचा संताप येतो. दोघांत नेमका फरक काय? की लेखकाने आपल्यालाच गंडवलं?

आणि जाता जाता दुसरा प्रश्न. मोठ्यांसाठी असं विनोदी-अद्भुत आपल्याकडे का दिसत नाही? जादू आली की पुस्तक बालविभागात, विनोद आला की बायको-शेजारी-ऑफिस.

तर्रीदार | शनिवार, रात्री १०:२०

वाखुसा (वाचनखूण साठवली). सकाळी पोहे खाऊन सविस्तर लिहितो.

उंटावरची_शहाणी | शनिवार, रात्री १०:५१

मी प्रॅचेटची आधीची दोन पुस्तकं चाळीसेक पानांत सोडली आहेत. प्रत्येक वाक्यात कोटी, कोटीच्या खाली तळटीप, तळटीपेत आणखी एक कोटी. प्रकरणं नाहीत, त्यामुळे थांबायचं कुठे हेही कळत नाही. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याचा ग्लास कोणी रिकामाच होऊ देऊ नये तसं होतं. मला विनोदात श्वास घ्यायला जागा लागते.

बर्डीचा_वाचक | शनिवार, रात्री ११:०५

@उंटावरची_शहाणी, ताई, मग हेच घ्या. याला प्रकरणं आहेत, आणि प्रत्येकाला जुन्या कादंबऱ्यांत असायचे तसे ‘या प्रकरणात काय काय घडते’ छापाचे मथळे. तळटीपाही बेताच्या. शिवाय गोष्ट सरळ रेषेत जाते. माणूस एक, कचेरी एक, शत्रू एक.

वकीलसाहेब_सदर | रविवार, सकाळी ७:३३

पेशाने वकील असल्यामुळे आमचा जीव व्हेटिनारीवर. तो मॉइस्टला म्हणतो की तुला निवडीचं पूर्ण स्वातंत्र्य आहे, आणि दार उघडं ठेवतो. खड्डा आहे, पण दार उघडंच आहे! ‘आरोपीने स्वखुशीने जबाब दिला’ हे वाक्य जन्मभर वाचत आलेल्या माणसाला यात काय आनंद होतो ते विचारू नका.

फरकाबद्दल. कायद्याच्या नजरेने दोघांत फरक नाही. दोघंही पूर्वीचे ४२०. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. (चारसोबीस म्हणण्यातली मजा गेली. ‘तो एक नंबरचा तीनशे अठरा आहे’ म्हटलं तर समोरचा बसचा नंबर समजतो.) मात्र एक बघा. मॉइस्टने ज्यांना गंडवलं त्यांना स्वतःलाच फुकटात हिऱ्याची अंगठी हवी होती. त्यांच्या हावेवर त्याचा धंदा. गिल्टने विश्वासाने पैसे गुंतवणाऱ्यांना लुबाडलं, आणि वर मनोऱ्यांची देखभाल बंद करून माणसं मारली. गुन्हा सारखा असला तरी शिक्षा सुनावताना न्यायाधीश हे बघतोच.

जुनी_पासबुकं | रविवार, सकाळी ९:१८

@वकीलसाहेब_सदर, हावेचा मुद्दा मॉइस्ट स्वतःच पुस्तकात मांडतो आणि तिथेच तोंडावर आपटतो. आपण कोणाला बोटही लावलं नाही, असं तो गोलेमला सांगतो. मिस्टर पंप शांतपणे म्हणतो, माझ्या हिशेबाने तू २.३३८ माणसं मारली आहेस. कोणाचा धंदा बुडवलास, कोणाची नोकरी घालवलीस, त्या प्रत्येकाचं आयुष्य थोडं थोडं कमी झालं. त्या तुकड्यांची ही बेरीज.

माझ्या बाबांची निवृत्तीची रक्कम एका पतसंस्थेत होती. नाव लिहीत नाही. त्यांना हाव नव्हती. शाखा घराजवळ होती आणि मॅनेजर आदराने ‘या गुरुजी’ म्हणायचा, एवढंच. संस्था बुडाली तेव्हा बाबा कोणाला एक शब्द बोलले नाहीत. फक्त रक्तदाबाची गोळी रोजच्या ऐवजी एक दिवसाआड घ्यायला लागले, आम्हाला न सांगता. पुस्तकातलं ते पान वाचताना मी हसत होते, म्हणजे आधीच्या विनोदाचं हसू अजून तोंडावर होतं, आणि तो दशांश चिन्हाचा आकडा आला. त्या दिवशी पुढे वाचलं नाही.

म्हणून मला मॉइस्ट ‘आवडला’ असं म्हणवत नाही. पुस्तक मात्र आवडलं. ज्या लेखकाला तो आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत काढावासा वाटला, त्याला कळत होतं.

तर्रीदार | रविवार, सकाळी ९:४०

पोहे खाऊन आलो होतो काहीतरी फालतू लिहायला. वरचा प्रतिसाद वाचून थांबलो. नंतर लिहितो ताई.

कोराडी_युनिट_नऊ | रविवार, दुपारी १:०२

प्रॅचेट लेखनावर जगू लागायच्या आधी इंग्लंडच्या वीज उत्पादन मंडळात प्रसिद्धी अधिकारी होता. ऐंशीच्या दशकात, आणि अणुवीज केंद्रांची बाजू पत्रकारांपुढे सांभाळायची जबाबदारी त्याच्यावर. त्यामुळे सरकारी खात्याचा वास त्याला बरोबर येतो. ‘देखभाल पुढच्या तिमाहीत करू’ हे वाक्य गिल्टच्या बैठकांमध्ये ज्या सुरात येतं तो सूर आम्ही वीज केंद्रातले लोक ओळखतो. यंत्र बंद ठेवलं की तोटा कागदावर दिसतो. चालू ठेवून झिजवलं की दिसत नाही, फुटेपर्यंत. क्लॅक्सचे मनोरे तसेच चालवले जातात आणि वर चढणारी पोरं पडून मरतात. मला हे पुस्तक जादूचं वाटलंच नाही.

अवांतर: पत्रं वर्गीकरण करणारं ते यंत्र आठवतं? त्यातल्या चाकाचा ‘पाय’ बरोब्बर तीन आहे, ३.१४ वगैरे भानगड नाही. त्यामुळे ते अजून लिहिलीच न गेलेली पत्रंसुद्धा बाहेर टाकतं. इंजिनीअर लोकांनी हे पान चहा हातात न घेता वाचावं.

धंतोलीकर | रविवार, दुपारी १:१५

पाय तीन धरून बांधलेला गोल चौक आमच्याकडे आहे. गाडी फिरते, फिरते, आणि बाहेर पडते ती परवाच्या दिवशी.

आरएमएस_काका | रविवार, सायंकाळी ६:४४

मी काही साहित्यातला माणूस नाही. रेल्वे डाक सेवेत सॉर्टर होतो, रिटायर होऊन पुष्कळ वर्षं झाले. पुतणी इथं वाचत राहते, तिनं हे पुस्तक मले रोज जेवणानंतर मराठीत सांगतलं. धागा दाखवला म्हणून लिहून राहिलो. चुकभूल द्यावी घ्यावी.

पयले त्या साचलेल्या पत्रांचं. वाचणाऱ्याले वाटते हा जादूचा भाग. तसं नाही बाप्पा. पोस्टमन कोणी वाईट राहत नाही. एखाद्या दिवशी बीट (वाटपाचा भाग) मोठी होते, ऊन लागते, चार पत्रं उद्यावर जातात. उद्या आठ होतात. मंग लाज वाटते. मंग ते लपवा लागतात. एकदा लपवले की बाहेर काढता येत नाही, कारण तारीख बोंबलते. पुतणीनं तो भाग सांगतला तेव्हा मी तिले म्हटलं, हा माणूस कोणत्या तरी पोस्टात बसून गेला असन.

आमचं काम निराळं होतं. चालत्या गाडीत डाकेचा वेगळा डबा. भिंतीले खणं, एकेक खण एकेका गावाचा. गाडी डोलून राहिली, तुम्ही उभे, डाव्या हातात गठ्ठा, उजव्या हातानं टाकत जा. नागपूर सुटलं की वर्धा येईपर्यंत वर्ध्याची थैली बांधून, लाख लावून, शिक्का मारून तयार पायजे. गाडी तुमच्यासाठी थांबत नाही. पत्त्यात नुसतं ‘मु. पो. वडगाव’ राहे. वडगाव किती आहेत तुम्हीच मोजा. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ले, आणि तो काढणारा माणूस आपला मराठी, श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतातला कवी. पुस्तकातल्या मशीनपेक्षा ते सहा आकडे मले जास्त जादूचे वाटतात.

आता अद्भुत म्हणाल तं नागपुरात झालंच आहे न. १९४९ मध्ये रात्रीची विमान डाक सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही कडून विमानं रात्री निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर जमत. इथं थैल्यांची अदलाबदल, आणि पहाटेपर्यंत आपापल्या घरी परत. मी तेव्हा नव्हतो, आमचे सीनियर सांगत. प्रवासीबी राहत त्यात, ते अर्ध्या रात्री इथं जेवत. साऱ्या देशाच्या चिठ्ठ्या रोज रात्री आपल्या गावात येऊन गळाभेट घेऊन जात, आणि नागपूर झोपून राहे. यावर कोणी कादंबरी लिहिली असती तं लोक म्हणते, हे कायचं, हे तं इंग्रजाचं पाहून लिहिलं.

मिहानची_रात्रपाळी | रविवार, रात्री ८:१०

काका, साष्टांग दंडवत. वेगळा धागा काढा, प्लीज.

उंटावरची_शहाणी | रविवार, रात्री ८:३०

काकांच्या पुतणीला विचारा, मलाही जेवणानंतर सांगेल का.

आरएमएस_काका | रविवार, रात्री ८:५२

ती म्हणते भांडी घासाल तं सांगते.

मिहानची_रात्रपाळी | सोमवार, पहाटे ३:२६

सर्व्हर शांत आहेत, म्हणून लिहून घेतो.

क्लॅक्स कल्पनेतलं वाटतं, पण असे मनोरे खरोखर होते. क्लोद शाप या फ्रेंच माणसाने पॅरिस ते लील अशी पहिली रांग १७९४ मध्ये उभी केली. हलते लाकडी हात, प्रत्येक मनोऱ्यावर दुर्बिणीला डोळा लावून बसलेला माणूस. आपल्याकडेही १८२०च्या आसपास कलकत्त्याहून चुनारच्या दिशेने अशी रांग होती, बंगालात त्यातले काही मनोरे अजून उभे आहेत. आणि १८३४ ते १८३६ या काळात फ्रान्समध्ये ब्लँक नावाच्या दोन भावांनी चक्क हे जाळं हॅक केलं. तार कर्मचाऱ्याला लाच देऊन सरकारी निरोपात मुद्दाम एक चूक घालायची. निरोप सुधारला जायचा, पण वाटेत चूक जशीच्या तशी प्रवास करायची. बोर्दोत त्यांचा माणूस ती बघून पॅरिसचा बाजार वर गेला की खाली ते सगळ्यांच्या आधी ओळखायचा. पकडले गेले, पण मोठी शिक्षा होईना, कारण त्या गुन्ह्याचा कायदाच नव्हता. त्यातला एक भाऊ पुढे मोंते कार्लोचं जुगारघर चालवू लागला. @बर्डीचा_वाचक, तुमचा मॉइस्ट की तुमचा गिल्ट, तुम्हीच ठरवा.

दुसरी गोष्ट, जी आमच्या धंद्यातल्या लोकांना पाठ आहे. कादंबरीत मनोऱ्यांवर मेलेल्या माणसाचं नाव क्लॅक्सवर ‘जीएनयू’ या खुणेनं पाठवतात. जी म्हणजे निरोप पुढे पाठवा, एन म्हणजे नोंदवहीत लिहू नका, यू म्हणजे रांगेच्या टोकाला पोचला की परत फिरवा. म्हणजे ते नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत कायम येत-जात राहतं. नाव घेतलं जातंय तोवर माणूस गेलेला नाही, असा त्यांचा समज. प्रॅचेट १२ मार्च २०१५ ला गेला. अल्झायमरचा एक दुर्मिळ प्रकार झाल्याचं त्याने २००७ मध्येच जाहीर केलं होतं. तो गेल्यावर जगभरच्या प्रोग्रामर मंडळींनी आपापल्या वेबसाइटच्या हेडरमध्ये, जिथे वाचणाऱ्याची नजर कधी जात नाही तिथे, ‘एक्स-क्लॅक्स-ओव्हरहेड: जीएनयू टेरी प्रॅचेट’ ही ओळ घातली. ती आजही कित्येक ठिकाणी आहे. आमच्या टीमच्या एका आतल्या सर्व्हरवर पण आहे. कोणी घातली ते मी सांगणार नाही.

धंतोलीकर | सोमवार, सकाळी ८:०५

पुस्तक विनोदी आहे ना भाऊ? दोन दिवसांत दुसऱ्यांदा घसा दाटला. ऑफिसला जायचंय.

तर्रीदार | सोमवार, सकाळी ८:३१

म्हणून मी हलकं घेतो. अनोइया कोणालाच आठवली नाही? ड्रॉवरमध्ये झारा अडकतो आणि ड्रॉवर उघडत नाही, त्या अडकण्याची देवी! मॉइस्ट तिचा नवस काय बोलतो, पैसे काय सापडतात, आणि बिचारीची भक्तमंडळी एकदम वाढते. मला ही देवी जाम आवडली. आपल्या गावाला असले छोटे देव पाहिजेत. मी सुरू करतो: कूलरची देवी. नवस बोलल्याशिवाय मे महिन्यात पंप चालू होत नाही.

उंटावरची_शहाणी | सोमवार, सकाळी ८:४७

तिची धाकटी जाऊ, वाळ्याच्या ताटीची देवी. पहिले दोन दिवस सुगंध देते, मग माशाच्या वासाने दर्शन.

धंतोलीकर | सोमवार, सकाळी ९:१०

व्हेरायटी चौकातल्या सिग्नलचा देव. तुम्ही पोचलात की लाल होतो. राग नाही, त्याचा स्वभाव आहे.

वकीलसाहेब_सदर | सोमवार, दुपारी २:२०

‘पुढील तारीख’ हा आमचा ग्रामदेव. बाकी देव त्याला वचकून असतात.

आरएमएस_काका | सोमवार, दुपारी ३:०१

संत्रं सोलताना डोळ्यात उडते त्याचा देव राहिला. त्याले नैवेद्य कायचा? संत्र्याचाच.

इतवारीची_सून | सोमवार, रात्री ९:३६

दुसऱ्या प्रश्नाबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणून मी बोलते. मोठ्यांसाठीचं विनोदी-अद्भुत आपल्याकडे नाही हे मला मान्य नाही, निदान नागपूरकराने तरी म्हणू नये. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत उभं राहून बघा. काळी मारबत, पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारे मोठाले पुतळे, १८८०च्या दशकापासून चालत आलेली मिरवणूक. आणि त्यांच्या मागून बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, त्या वर्षी जो कोणी पुढारी किंवा परदेशातला हुकूमशहा लोकांच्या डोक्यात गेला असेल त्याचा बडग्या. गळ्यात पाट्या, पाट्यांवर असे शब्द की लहान मुलांना कडेवर घेऊन वाचू देऊ नये. ‘घेऊन जा गे मारबत!’ हे राक्षस आहेत, व्यंग आहे, राजकारण आहे, आणि ते बघायला सगळे मोठेच आलेले असतात. प्रॅचेटने हे बघितलं असतं तर एक पुस्तक नक्की निघालं असतं.

तमाशातल्या गवळणीत मावशी कृष्णाची काय काय टिंगल करते, ते पण आठवा. आमच्या आजोळी भंडाऱ्याकडे खडी गंमत (तमाशासारखंच लोकनाट्य) व्हायची, तिथे देवसुद्धा सोंगाड्याच्या तावडीतून सुटायचा नाही. देवाशी थट्टा आपल्याला नवी नाही.

पानगळ_रामदासपेठ | सोमवार, रात्री १०:१९

@इतवारीची_सून, मारबत मलाही प्रिय आहे, पण ते उत्तर मला पटत नाही. बडग्या हे व्यंगचित्र. सकाळी निघतो, मिरवणूक संपली की जळतो. त्याला बदलायला वेळच नाही. मॉइस्टला चारशे पानं मिळतात. पहिल्या प्रकरणात पळून जाण्याची वाट शोधणारा माणूस शेवटी पत्र पोचलं नाही तर अस्वस्थ होतो, आणि ते कधी झालं हे त्यालाही कळत नाही. हे काम कादंबरीच करू शकते.

आणि आपली विनोदी कादंबरी-लेखांची परंपरा तर भरभक्कम. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर नागपुरातच जन्मले, १८७१ मध्ये. सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या ही त्यांची त्रयी धर्मातल्या खुळांवर तुटून पडते. पण बघा, ते सगळं आपल्या जगात घडतं. मोरी, ओटा, श्राद्धाचा स्वयंपाक. वेगळं जग बांधून त्यातून याच जगाला चिमटा काढायचा, हा मधला टप्पा आपण वगळला. मला वाटतं याचं कारण साधं आहे. आपली पुराणं अजून चालू आहेत. इंग्रजांचे जुने देव थंड झालेत, त्यांच्या राखेतून नवे घडवता येतात. आपल्या देवाची थट्टा मावशीने केली तर चालते, कारण ती भक्तांमध्ये उभी आहे. लेखकाने घरात बसून केली की पत्ता शोधत माणसं येतात.

इतवारीची_सून | सोमवार, रात्री १०:४१

पत्ता शोधत येणाऱ्यांचा बडग्या पुढच्या पोळ्याला. पटलं थोडं. सगळं नाही.

बर्डीचा_वाचक | मंगळवार, रात्री ९:५५

माझा पहिला प्रश्न अर्ध्यावर राहिला. पुढे रहस्यभेद आहे, न वाचलेल्यांनी इथून उडी मारावी.

मला आता वाटतं, फरक पैशात आहे. मॉइस्टकडे पुरून ठेवलेले दीड लाख डॉलर असतात. टपाल कचेरी जळाल्यावर तो ते सगळे बाहेर काढतो, देवांनी स्वप्नात जागा दाखवली अशी थाप मारून, आणि कचेरीच्या बांधकामाला देतो. गिल्टने एक पैसा सोडला असता का? शिवाय शेवटी व्हेटिनारी गिल्टलाही तीच संधी देतो. एक सरकारी काम सांभाळ, नाहीतर ते दार. गिल्ट दाराकडे जातो. म्हणजे लेखकाने दोघांना एकाच तराजूत घातलं.

जुनी_पासबुकं | मंगळवार, रात्री ११:३०

भाऊ, एक प्रश्न. ते दीड लाख कोणाचे होते?

ज्यांना लुबाडलं त्यांचे. परत गेले का त्यांना? नाही. पोस्टाला गेले. शहर खूश, वर्तमानपत्र खूश, देवीचे भक्त खूश. आमच्या पतसंस्थेच्या संचालकांनी गावात एक सभागृह बांधून दिलं होतं, खूप सुंदर आहे, बाबांच्या शोकसभेला आम्हाला तिथेच बोलावत होते. आम्ही गेलो नाही.

आणि अडोरा बेल. क्लॅक्सच्या मूळ मालकांची मुलगी, गोलेमांसाठी भांडणारी, सतत सिगारेट ओढणारी, मला पुस्तकात सगळ्यात आवडलेली. तिची बँकेतली नोकरी मॉइस्टच्याच खोट्या कागदांमुळे गेलेली असते. म्हणजे २.३३८ मधला एक तुकडा तीच आहे. लेखकाने त्याच्या हातून बळी पडलेल्यांपैकी एक जिवंत माणूस आपल्यासमोर आणलं, हे मोठंच काम. पण ती त्याच्या प्रेमात पडते. सोयीचं नाही वाटत?

पानगळ_रामदासपेठ | बुधवार, सकाळी ७:४८

ताई, सोयीचं आहे, पण तो तिला स्वतःहून सांगतो. न सांगता खपलं असतं. आणि ती लगेच विरघळत नाही, टोकदार टाचेचा बूट आणि जीभ दोन्ही वापरते. दीड लाखांचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. प्रॅचेटच्या आलं असेल का? मला वाटतं आलं असेल. व्हेटिनारीला त्या पैशांचा उगम पक्का ठाऊक असतो आणि तो गप्प बसतो. राज्यकर्त्याला न्यायापेक्षा चालू टपाल हवं.

वकीलसाहेब_सदर | बुधवार, सकाळी १०:१५

जुनी_पासबुकं ताईंच्या मुद्द्यावर आमचा युक्तिवाद मागे घेतो. नुकसानभरपाई तिसऱ्याच पक्षाला दिली तर ती नुकसानभरपाई नव्हे, देणगी. ‘शिक्षा सुनावताना’ म्हणालो होतो, तिथे हे वाढवतो: आरोपीने केलेलं समाजकार्य फिर्यादीच्या खात्यात जमा होत नाही.

कोराडी_युनिट_नऊ | बुधवार, दुपारी १:३०

कोणी वाचायला घेणार असेल तर २०१० ची दूरचित्रवाणी आवृत्ती आधी बघू नका. दोन भागांत आहे, डेव्हिड सुशे गिल्ट म्हणून धमाल आणि चार्ल्स डान्स व्हेटिनारी म्हणून अगदी हवा तसा. पण २.३३८ चा धक्का पानावरच बसतो. मॉइस्टची पुढची दोन पुस्तकं आहेत, ‘मेकिंग मनी’ (२००७) आणि ‘रेझिंग स्टीम’ (२०१३). तिसरं आजारपणातलं आहे आणि ते जाणवतं. दुसरं चांगलं आहे. त्यात व्हेटिनारी त्याला शहराची बँक आणि टांकसाळ सांभाळायला देतो.

जुनी_पासबुकं | बुधवार, दुपारी १:३८

बँक?? त्याच्या हातात??

तर्रीदार | बुधवार, दुपारी १:४०

माझ्याकडे प्रत आहे ताई. जीपीओ चौकात आणून देतो. परत नाही केली तरी चालेल, ३१८ लावणार नाही.

जुनी_पासबुकं | बुधवार, दुपारी १:५२

करेन परत. पेन्सिलने समासात हिशेब लिहिलेला असेल, तो खोडू नका.